फोटो छापायची गरज खरंच संपली का?

निगेटिव्ह
परवा पिक्सेलवाला यांनी इथे ठासून लिहिलं: 'फोटो छापणं म्हणजे कागदाची नासाडी. क्लाउडवर सगळं सुरक्षित असतं, नाव टाकलं की चेहरा समोर येतो. अल्बम म्हणजे नुसती अडगळ.' हे असंच सोडून देणं जमत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

क्लाउडवर असणं आणि सुरक्षित असणं यांत फरक आहे. बहुतेकांकडे जे चालू असतं ते सिंक. फोनवर फोटो खोडला की तिकडूनही खोडला जातो, महिना-दोन महिने कचरापेटीत पडून राहतो आणि मग संपला. बॅकअप म्हणजे तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. रोल ३६ फोटोंचा होता तेव्हा बटण दाबायच्या आधी विचार व्हायचा, आणि अल्बम लावताना पुन्हा एकदा. आज एका समारंभाचे ४०० फोटो निघतात आणि निवड कुणीच करत नाही. मग ती निवड फोनच करतो. 'आठवणी' म्हणून तो जे पुढे आणतो त्यात उघडे डोळे, स्वच्छ उजेड, समोर वळलेला चेहरा यांना झुकतं माप मिळतं. खुर्चीत पाठमोरी बसलेली आजी, हललेला हात, दाराआडून अर्धवट दिसणारं पोर, हे सगळं मागे पडतं. आपली माणसं कशी आठवावीत हे यंत्रावर सोडायचं आणि वर अल्बमला अडगळ म्हणायचं, हे मला मान्य नाही.

पिक्सेलवाला
सिंकचा मुद्दा बरोबर आहे, तेवढा मागे घेतो. बाकी नाही.

कागद टिकतो हे कुणी सांगितलं? सत्तरच्या दशकातले रंगीत प्रिंट काढून बघा. उजेड न लागता, बंद कपाटात राहूनही लालसर झालेत, कारण तेव्हाच्या कागदातला सायन डाय, म्हणजे निळसर रंग, अंधारातही फिका पडत जायचा. भिंतीवर लावलेला प्रिंट उजेडाने जातो. घरच्या प्रिंटरवर डाय शाईने काढलेला असेल तर हवेतल्या ओझोननेही जातो. डिजिटल फाइलच्या प्रतीची प्रत काढली तरी तिच्यात काही कमी होत नाही.

आणि निवडीबद्दल. कॅमेरा धरणारं माणूस अल्बमात जवळजवळ नसतंच. भांडण नसतं, आजारपण नसतं. १८८८ मध्ये कोडॅकने १०० फोटोंचा रोल आत भरूनच कॅमेरा विकायला काढला आणि पुढे त्यांच्याच जाहिरातींनी लोकांना सहली आणि हसरी कुटुंबं टिपायला शिकवलं. म्हणजे हसरे चेहरे फोनने निवडले तर वाईट आणि जाहिरात बघून माणसाने निवडले तर चांगले, असं म्हणायचंय का?

शिवाय ते चिकट पानांचे, वर पारदर्शक प्लास्टिक असलेले अल्बम. फोटोंची वाट लावली ती त्यांनीच.

कागदी
चिकट पानांबद्दल पूर्ण सहमत. पण म्हणून अल्बम फेकू नका आणि फोटो ओढून काढू नका. घाईने ओढला की फोटो दुमडतो, वरचा थर तडकतो आणि ती पांढरी रेघ परत जात नाही.

आधी प्रत्येक पानाचा अख्खा फोटो काढून ठेवा. कुठला फोटो कशाशेजारी लावला होता हीसुद्धा माहितीच आहे, आणि फोटो सुटे झाले की ती गेली. मग प्लास्टिक एका कोपऱ्यातून, पानाला जवळजवळ समांतर ठेवून मागे ओढत न्या. ते फोटोच्या पृष्ठभागालाच चिकटलं असेल तर तिथेच थांबा. चिकटलं नसेल तर दात साफ करायचा, मेण न लावलेला दोरा घ्या, दोन्ही टोकं बोटांना गुंडाळा आणि फोटोच्या कोपऱ्याखालून करवतीसारखा पुढे-मागे हलवत सरकवा. फोटो वाकवायचा नाही, दोरा पानालगत ठेवायचा. निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा. ४×६ इंची प्रिंटला ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके) भरपूर, म्हणजे २४०० × ३६०० पिक्सेल. त्यापुढे कागदाचे तंतूच मोठे दिसतात.

हलका_हात
दोऱ्याने अर्धे फोटो निघत नाहीत. हेअर ड्रायरची हवा द्या, गोंद मऊ पडतो आणि फोटो अलगद सुटतो. साधी गोष्ट आहे, उगीच बाऊ करू नका.

कागदी
हे वाचून तळपायाची आग मस्तकात गेली! या अल्बमांत पानाच्या दोन्ही बाजूंना फोटो असतात. गोंद मऊ करायला मागून हवा दिलीत तर ती थेट मागच्या फोटोच्या तोंडावर बसते. समोरून दिलीत तर याच फोटोच्या जिलेटिनवर, म्हणजे चित्र धरून ठेवणाऱ्या वरच्या थरावर. त्यात रंगीत प्रिंटचा कागद दोन्ही बाजूंनी प्लास्टिकच्या थराचा, गरम झाला की पापडासारखा वळतो. अशा चार ओळी वाचून लोक संध्याकाळी करूनही बघतात, म्हणून एवढं तोडून लिहितोय.

हलका_हात
आवाज चढवू नका. सगळ्यात कमी आच, हातभर अंतर, पाच-सात सेकंद, आणि मागच्या बाजूचा फोटो आधीच काढलेला. अशा रीतीने जमतं, आणि जुने फोटो जपणारी जाणकार मंडळीही शेवटचा उपाय म्हणून ते करतात. दोन्ही बाजूंचं लिहायला हवं होतं, ते राहिलं. ती चूक माझी.

कागदी
शेवटचा उपाय म्हणून, दोरा हरल्यावर, एवढं असेल तर ठीक. तुम्ही पहिला उपाय म्हणून सांगितला होता.

लॅबवाली
दोघेही थांबा, मूळ प्रश्न छापायचं की नाही हा होता. लोक छापायचं सोडतात त्याची कारणं फार साधी आहेत. फोनचा फोटो ४:३ असतो आणि ४×६ चा कागद ३:२. यंत्राला 'पूर्ण भरा' सांगितलं की फोटोची सुमारे ११ टक्के उंची कापली जाते, आणि गटाच्या फोटोत ती मागच्या रांगेच्या डोक्यांवरून जाते. एक तर पांढरी कड ठेवायला सांगा, नाहीतर स्वतः कापून द्या.

दुसरी तक्रार, प्रिंट काळपट आला. फोनचा पडदा पूर्ण उजेडावर ठेवून फोटो निवडला की असंच होणार, कागद काही आतून पेटत नाही. उजेड निम्म्यावर आणा, मग ठरवा. तिसरी, मेसेजिंग ॲपवरून आलेला फोटो. तो बऱ्याचदा लांब बाजूला १६०० पिक्सेलच्या आसपास दाबलेला असतो. ४×६ ला चालून जातो, पण ए४ ला ३०० डीपीआयच्या हिशोबाने ३५०८ लागतात, मग चेहरे मेणाचे दिसतात. मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. तसं केलं की फोटो काढल्याची तारीखही फाइलमध्ये राहते, एरवी ती वाटेत पुसली जाते.

पिक्सेलवाला
तारखेचं हे कुणीतरी बोललं, बरं झालं. छापील फोटोवर तारीख कुठे असते? नावं कुठे असतात? पन्नास वर्षांपूर्वीच्या गटाच्या फोटोत डावीकडून तिसरी बाई कोण, हे सांगणारं माणूस गेलं की तो कागद मुका.

निगेटिव्ह
हे खरं आहे, आणि याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. पण फाइलचंही तेच आहे ना. फोन चेहऱ्यांचे गठ्ठे करतो, नाव आपणच द्यायचं असतं, आणि ते नाव बहुतेक वेळा त्या ॲपपुरतंच राहतं. फोटो दुसरीकडे नेला की नाव मागे.

हसऱ्या चेहऱ्यांचं तुमचं म्हणणंही पुरतं खोडता येत नाही. फरक इतकाच, की अल्बम लावणाऱ्याला विचारता येतं, हा फोटो का घेतलास. तिथून पुढचं सगळं बोलणं सुरू होतं.

पिक्सेलवाला
वर्षाला ५० छापा, यावर मी थांबतो. ४०० नाही. आणि मागे नाव असल्याशिवाय एकही नाही.

कागदी
मागे लिहिणार असाल तर बॉलपेन नको. दाबून लिहिलं की पुढच्या बाजूला, नेमकी चेहऱ्यावर, अक्षरं उठतात. जुन्या कागदाला मऊ पेन्सिल, २बी. आताच्या गुळगुळीत पाठीवर ती उमटत नाही, तिथे पिगमेंट शाईचं बारीक पेन घ्या, कडेला लिहा आणि नीट वाळू द्या. ओले असताना एकावर एक रचलेत तर वरच्याचं नाव खालच्याच्या कपाळावर येतं.