एंडोस्कोपीचा दर आणि बायोप्सीच्या बाटल्या

एंडोस्कोपीचे, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून पोटाची तपासणी करण्याचे, दर दोन ठिकाणी इतके वेगळे का, या प्रश्नावरच्या चर्चेत असे मत आले आहे की हा फरक मुख्यतः गुंगीचे औषध दिले की नाही यावरून पडतो. ते बऱ्याच अंशी पटते. घशात केवळ लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा फवारा मारून तपासणी केली, तर भूलतज्ज्ञाचे शुल्क, औषधे आणि नंतरची देखरेख हा सगळा खर्च वाचतो. मात्र पॅथॉलॉजीच्या, म्हणजे काढलेल्या तुकड्यांच्या प्रयोगशाळेतील तपासणीच्या, खर्चाचा उल्लेख चर्चेत कुठेच आलेला नाही, आणि आम्हाला नेमका तोच अनपेक्षितपणे भरावा लागला.

आईची तपासणी झाल्यावर परिचारिकेने नाव पडताळण्यासाठी फॉर्मॅलिनच्या (तुकडे टिकवणाऱ्या द्रावणाच्या) दोन लहान बाटल्या दाखवल्या; त्यांत बायोप्सीचे, म्हणजे तपासणीसाठी आतून काढलेले, लहान तुकडे होते. एकीवर ‘जठर’ आणि दुसरीवर ‘लहान आतडे’ असे लिहिलेले होते, आणि प्रयोगशाळेने प्रत्येक बाटलीचे शुल्क वेगळे आकारले. तुकडे वेगळे ठेवणे योग्यच होते: सीलिअ‍ॅक आजाराची (ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार) शंका असेल तर लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून किमान 4 तुकडे घ्यावेत असे मानले जाते, आणि ते जठराच्या तुकड्यांत मिसळले तर दिसणारा बदल नेमका कुठला, हे सांगणे अवघड होते. त्यामुळे माझी तक्रार तुकडे घेतल्याबद्दल मुळीच नाही, खर्चाची कल्पना आधी न दिल्याबद्दल आहे. दरात बायोप्सी धरली आहे का, असे आम्ही विचारले होते आणि ‘हो’ असे उत्तरही मिळाले होते, पण ते तुकडा काढण्यापुरतेच होते. सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचे शुल्क कोण घेणार, आणि ते बाटलीप्रमाणे की एकत्रित, असे स्पष्ट शब्दांत विचारून घ्यावे.