अर्ज परत पाठवला तरी तो "निकाली" कसा काय?

मुक्ता_के:
वडील गेल्यावर आईला फॅमिली पेन्शन सुरू व्हावी म्हणून चार महिने खेटे घालतेय. पहिल्यांदा म्हणाले मृत्यूचा दाखला आणि लग्नाचा पुरावा आणा, नेले. मग म्हणाले दोन कागदांवर आईच्या नावात एका अक्षराचा फरक आहे, प्रतिज्ञापत्र लागेल, तेही केलं, तोवर आधी दिलेल्या एका दाखल्याची मुदत संपली म्हणून तो परत नवा काढा. हे सगळं पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून दिलं असतं तर?
परवा ऑनलाइन बघितलं तर स्टेटस "निकाली". मला वाटलं झालं काम, आईला फोन पण केला. चौकशी केल्यावर कळलं की त्रुटी आहे म्हणून अर्ज परत पाठवलाय आणि त्यांच्या हिशेबात परत पाठवला म्हणजे निकाली निघाला. आता नवा अर्ज, नवा नंबर, दिवस परत एकपासून मोजणार. आई आता काही विचारत नाही, मी घरी आले की फक्त हातातल्या फाईलकडे बघते.
हे असं मोजणं बरोबर आहे का? आणि मी आता नक्की काय करू?

जुना_टेबलवाला:
ताई, मी २६ वर्षं टेबलावर काढली म्हणून सांगतो. दर महिन्याला वर तक्ता जायचा, आलेले किती, निकाली किती, शिल्लक किती. "परत पाठवले" असा रकानाच नव्हता, त्यामुळे मंजूर केलेला आणि परत केलेला अर्ज कागदावर सारखाच दिसायचा. माणूस किती वेळा आला हे तर कुणी लिहूनच घेत नव्हतं.
दुसरं म्हणजे भीती. मंजुरीत चूक निघाली तर ऑडिटचा शेरा माझ्या नावावर येणार, पण अर्ज थांबवला तर मला कुणी विचारत नाही. मग हात आपोआप आखडतो. हे समर्थन नाही, मी पण असे कागद परत केलेत आणि आज त्याचं वाईट वाटतं.
आता तुम्ही करा असं: सगळ्या त्रुटी एकदमच, तारीख आणि सहीनिशी लेखी मागा. नव्या अर्जात जुना नंबर घाला आणि मूळ तारखेपासून मुदत धरावी असं स्पष्ट लिहा. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

वाचस्पती:
आकडे गोड दिसावेत म्हणून काम वाकवणं सगळीकडेच होतं. ब्रिटनमध्ये तातडीच्या विभागात ४ तासांत रुग्णाला तपासून दाखल करायचं की घरी सोडायचं हे उरकायचं बंधन आलं तेव्हा काही ठिकाणी रुग्णांना बाहेर अँब्युलन्समध्येच थांबवून ठेवल्याच्या तक्रारी आल्या, कारण घड्याळ आत घेतल्यावर सुरू व्हायचं. मोजणी कुठून सुरू होते यावरच सगळं ठरतं.
उलटं उदाहरणही आहे. अमेरिकेत १९८० च्या कागदपत्रं कमी करण्याच्या कायद्याखाली, फॉर्म भरायला नागरिकाचा किती वेळ जाईल याचा अंदाज सरकारी खात्याला काढावा लागतो आणि तो फॉर्मवर छापलेला असतो. त्याने कटकट संपली असं अजिबात नाही, पण लोकांचा वेळ हाही खर्च आहे एवढं तरी मान्य झालं.

रेवा_लिहिते:
माझ्या मते मूळ दुखणं मोजणीच्याही आधीचं आहे. मृत्यूची नोंद सरकारकडे आहे, लग्नाची नोंद झाली असेल तर तीही सरकारकडेच, मग एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्यात आपण का वाहायचा? एस्टोनियात २००१ पासून खात्यांची माहिती एकमेकांशी जोडणारी एक्स-रोड नावाची व्यवस्था आहे आणि सरकारकडे असलेली माहिती नागरिकाकडे परत मागायची नाही असं तिथे तत्त्व आहे.
पण नुसतं ऑनलाइन करून भागत नाही हं. ज्यांना मोबाईल जमत नाही त्यांच्यासाठी खिडकीवर समजावून सांगणारं माणूस हवंच, नाहीतर तोच त्रास फक्त स्क्रीनवर येतो.

मुक्ता_के:
काका, तुम्ही सांगितलं तसं लेखी मागितलं. आधी तोंडीच सांगत होते, मी अर्ज पुढे केल्यावर मात्र आतून यादी करून आणली. दोनच त्रुटी निघाल्या आणि त्यातला एक कागद पहिल्या दिवसापासून फाईलला लावलेला होता, तिथेच उभं राहून दाखवला. दुसरा सोमवारी देतेय. मूळ तारखेचं पत्र पण दिलंय, पोच घेतली. आईला अजून काही सांगितलं नाहीये, या वेळी पैसे खात्यात आल्यावरच सांगेन.