सात मजली इमारतीत झुरळांचा उपद्रव: दर तीन महिन्यांनी फवारणी होऊनही झुरळे का जात नाहीत?

सचिव_ठाणे यांचा प्रश्न

सस्नेह नमस्कार. ठाण्यातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा मी सचिव आहे. आमची इमारत तळमजला अधिक सात मजल्यांची असून प्रत्येक मजल्यावर चार सदनिका आहेत. तळमजल्यावर दुकाने आहेत व त्यांपैकी एकात मिठाई आणि फरसाण तयार होते. पेस्ट कंट्रोलचे वार्षिक कंत्राट गेली काही वर्षे चालू आहे. दर तीन महिन्यांनी कामगार येतो, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये, जिन्यात आणि ज्यांचे दार उघडे असेल त्यांच्या न्हाणीघरात फवारणी करतो आणि वहीवर सही घेऊन जातो. त्यानंतर दोन-चार दिवस मेलेली झुरळे दिसतात, मग पुन्हा सारे पूर्ववत होते.

पावसाळा सुरू झाला की रात्री न्हाणीघराच्या जाळीतून मोठी, तांबूस झुरळे वर येतात. स्वयंपाकघरात मात्र बारीक, फिकट तपकिरी झुरळे बारा महिने असतात आणि ती आता दिवसाउजेडीही ओट्यावर फिरू लागली आहेत. सभासदांमध्ये दोन तट पडले आहेत. एक गट सगळा दोष मिठाईच्या दुकानाला देतो, तर दुसरा तिसऱ्या मजल्यावरील एका घराच्या अस्वच्छतेकडे बोट दाखवतो. सर्वसाधारण सभेत "अधिक जहाल औषध मारा" असा ठराव येण्याची चिन्हे आहेत. तो मंजूर करण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे: नेमके काय तपासावे आणि उपाय कोणत्या क्रमाने करावेत?

फवारणीवाला यांचे उत्तर

सचिव महोदय, या व्यवसायात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. आपल्या इमारतीत एक नव्हे, दोन वेगळे उपद्रव आहेत आणि आपले कंत्राट त्यांपैकी फार तर एकावर काम करते.

न्हाणीघरातून येणारे मोठे झुरळ म्हणजे अमेरिकन झुरळ. त्याची लांबी साधारण साडेतीन ते चार सेंटिमीटर असते, रंग तांबूस असतो आणि मानेवरच्या ढालीला पिवळसर कडा असते. ते गटारात, चेंबरमध्ये आणि डक्टमध्ये राहते. घरात येते ते वाट चुकून किंवा पावसाच्या पाण्याने चेंबर तुंबले म्हणून. स्वयंपाकघरातले बारीक झुरळ जर्मन जातीचे असावे. पूर्ण वाढलेले झुरळ जेमतेम दीड सेंटिमीटरचे असते आणि डोक्यामागच्या ढालीवर दोन गडद उभ्या रेघा दिसतात. हे झुरळ गटारातून येत नाही. ते घरातच जन्मते, घरातच मरते आणि अन्न, पाणी व ऊब यांपासून चार-सहा फुटांच्या आत दडून बसते. त्यामुळे चेंबरमध्ये कितीही औषध ओतले तरी ओट्याखालच्या झुरळाला त्याचा पत्ताही लागत नाही.

खात्री करण्यासाठी सिंकखालच्या कपाटाचे दार पूर्ण उघडा आणि बिजागरीवर टॉर्चचा प्रकाश तिरपा पाडा. जर्मन झुरळांची वस्ती असेल तर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके, कातीचे पातळ पापुद्रे आणि काही मिलिमीटर लांबीची, आडव्या खाचा असलेली तपकिरी रिकामी डबी सापडेल. ती अंड्यांची डबी. एका डबीत साधारण 30 ते 40 अंडी असतात आणि मादी ती पिल्ले बाहेर पडायच्या सुमारापर्यंत पोटाच्या टोकाला धरून हिंडते. या काळात ती फारशी बाहेर पडत नाही व खातही कमी, म्हणून पहिल्या खेपेस ती बहुधा वाचते. अमेरिकन मादीची डबी पंधरा-सोळा अंड्यांची असते आणि ती एखाद्या आडोशाला टाकून मोकळी होते. चेंबरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला अशा डब्या चिकटलेल्या मला नेहमी दिसतात.

तेव्हा सभेपूर्वी एवढेच करा. प्रत्येक स्वयंपाकघरात तीन चिकट सापळे ठेवा: सिंकखाली, फ्रिजच्या मागे मोटारीजवळ आणि गॅसच्या बाजूच्या कोपऱ्यात. सापळा भिंतीला टेकलेला असावा, कारण झुरळ मोकळ्या फरशीवरून न जाता कडेकडेने चालते. त्यावर सदनिका क्रमांक व तारीख लिहा आणि तीन रात्रींनी उचलून मोजा, पिल्ले वेगळी आणि मोठी वेगळी. पिल्ले पुष्कळ असतील तर वस्ती त्याच घरात आहे. एखाददुसरेच मोठे झुरळ सापडले तर ते शेजारून आलेले असू शकते. मिठाईच्या दुकानातही सापळे ठेवा. तिसऱ्या मजल्यावरचा वाद हे आकडे हाती आल्यावर आपोआप निवळेल, किंवा निदान पुराव्यानिशी तरी होईल.

नळजोड यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मोठ्या झुरळांपुरते थोडे अधिक लिहितो, कारण तो प्रश्न औषधापेक्षा प्लंबिंगचा जास्त आहे.

न्हाणीघरातल्या जाळीखाली जो नहाणी ट्रॅप असतो, त्यात कायम काही सेंटिमीटर पाणी उभे राहिले पाहिजे. गटारातला वास आणि कीटक वर येऊ नयेत, यासाठी एवढाच अडसर असतो. तीस वर्षांपूर्वीच्या अनेक इमारतींत हे ट्रॅप एक तर तडकलेले असतात, किंवा नूतनीकरणाच्या वेळी कंत्राटदाराने उंची वाचवण्यासाठी ते उथळ बसवलेले असतात. जाळी उचलून आत टॉर्च मारा. पाणी दिसत नसेल तर वरून कितीही फवारा, वाट उघडीच आहे. दुसरी मोठी वाट म्हणजे वॉशिंग मशीनची सोंड. ती जाळी बाजूला सारून नुसती भोकात खोचलेली असते आणि भोवती बोटभर फट राहते. रबरी बूच किंवा सिमेंटने ती बंद करता येते.

डक्टमध्ये उतरून पाहणी करवून घ्या. तुटलेला सॉइल पाइप (संडासाचा मैला वाहून नेणारा नळ), उघडी पडलेली तपासणीची झाकणे, वर्षानुवर्षे साचलेला राडारोडा आणि कबुतरांची घाण ही मोठ्या झुरळांची खरी वसतिस्थाने असतात. स्वयंपाकघराच्या भिंतीतून डक्टमध्ये जाणाऱ्या पाइपांभोवतीची मोकळी जागा दोन्ही बाजूंनी भरली पाहिजे. लहान झुरळेही एका घरातून वरच्या किंवा शेजारच्या घरात याच वाटेने जातात. या सामाईक वाहिन्यांचे काम संस्थेने स्वतःच्या खर्चाने करावे, ते एकेका सभासदावर ढकलू नये.

जाता जाता एक गोष्ट. चेंबरमधील फवारणी वरून, झाकण सरकवून करायची असते. कुणी कामगाराला आत उतरवत असेल तर ते तत्काळ थांबवा. हाताने मैला उचलण्यास मनाई करणारा 2013 चा कायदा संरक्षक साधनांवाचून गटारात माणूस उतरवण्यासही मनाई करतो.

सचिव_ठाणे

दोघांचेही आभार. सापळे लावले. निकाल अनपेक्षित आहे: सर्वाधिक पिल्ले पाचव्या मजल्यावरील एका अत्यंत टापटीप घरात सापडली आणि त्याच्या थेट वरच्या व खालच्या घरांतही ती आहेत. ज्या घराला सारे नावे ठेवत होते, तेथे एकच मोठे झुरळ सापडले. मिठाईच्या दुकानात उपद्रव आहे, पण त्याच्या डोक्यावरच्या घरात जवळजवळ नाही.

पाचव्या मजल्यावरील कुटुंबाचे म्हणणे असे की त्यांनी गेल्या वर्षी स्वखर्चाने जेलही (झुरळांनी खावे असे विषारी आमिष) लावून घेतले होते आणि तरीही फरक पडला नाही. त्यांच्या मुलाला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे जहाल फवारणीला त्यांचा विरोध आहे. जेल का चालले नसेल?

षट्पाद यांचे उत्तर

मी कीटकशास्त्र शिकवतो. जेल न चालण्याची कारणे ठरलेली असतात. मी विचारीन तो पहिला प्रश्न असा: जेल लावले त्याच दिवशी, किंवा त्या आठवड्यात, त्याच कपाटांत फवारणीही झाली होती का? आपल्याकडे ग्राहकाला वास आल्याशिवाय काम झाल्यासारखे वाटत नाही, म्हणून पुष्कळ कंत्राटदार दोन्ही एकदम करतात. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या (पायरेथ्रॉइड) वर्गातील फवारणीची बहुतेक औषधे झुरळांना दूर पळवतात. ज्या फटीत जेल आहे तिच्या तोंडाशी असे औषध पडले की झुरळ जेलपर्यंत येतच नाही. उलट ते भिंतीतून वरच्या घरात सरकते. वर-खाली एका रांगेत वस्ती सापडली, यामागे हेच असू शकते. शिवाय जर्मन झुरळांमध्ये या वर्गाविरुद्ध प्रतिकारक्षमता जगभर आढळली आहे, त्यामुळे "अधिक जहाल" म्हणून त्याच वर्गाचा डोस वाढवण्याने पैसे जातील आणि झुरळे राहतील.

दुसरे कारण म्हणजे प्रमाण. मसुरीच्या दाण्याएवढे ठिपके भरपूर ठिकाणी द्यायचे असतात. चार मोठे गोळे ठेवून भागत नाही. टापटीप घरात जागा शोधणे अधिक अवघड असते, कारण झुरळे नजरेच्या टप्प्यात नसतात. ट्रॉलीच्या पट्ट्यांची मागची टोके, कडप्प्याचे सांधे, वॉटर प्युरिफायरच्या खोक्याची पाठ, मिक्सरचा तळ, फ्रिजच्या मोटारीची बैठक अशा ठिकाणी पाहावे. प्युरिफायरकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात, आणि आत ऊब, ओलावा व अंधार तिन्ही असतात. आठवड्याने ठिपके पाहावेत. खाऊन संपले असतील तर पुन्हा द्यावेत. सुकून कडक झाले असतील तर जागा चुकली आहे. अंड्यांतून नवी पिल्ले निघण्यास तीन-चार आठवडे लागतात, म्हणून तीन-चार आठवड्यांनी दुसरी फेरी अनिवार्य आहे.

जेलचा मोठा गुण असा की विष एका झुरळापुरते थांबत नाही. पिल्ले मोठ्यांची विष्ठा खातात, मेलेले झुरळही खाल्ले जाते आणि त्यांतून विष फटीतल्या इतरांपर्यंत पोहोचते. मात्र वर्षानुवर्षे एकच जेल वापरू नये. 1993 साली अमेरिकेतील संशोधकांनी अशी जर्मन झुरळे नोंदवली की जी जेलमधील ग्लुकोजच टाळत होती. पुढे 2013 साली त्यांच्या चवीच्या चेतापेशींना ग्लुकोज कडू लागते, हे दाखवले गेले. म्हणून इमिडाक्लोप्रिड या विषाचे जेल वापरत असाल तर काही काळाने वेगळ्या आमिषातले, फिप्रोनिल या दुसऱ्या विषाचे घ्यावे. (नावात जर्मन असले तरी या झुरळाचे मूळ दक्षिण आशियात, भारत-म्यानमारच्या परिसरात असल्याचे 2024 मधील जनुकीय अभ्यास सांगतो, म्हणजे पाहुणा म्हणावा तर तो घरचाच निघाला.)

मुलाच्या दम्याविषयी त्या कुटुंबाचा आग्रह योग्य आहे, फक्त त्यात एक भर घालावी लागेल. झुरळांची विष्ठा, लाळ आणि कातीचा भुगा हीही दम्याच्या ज्ञात कारणांपैकी आहेत. अमेरिकेतील शहरांमधील मुलांवर 1997 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात हा संबंध स्पष्ट दिसला होता. झुरळे मेली तरी हा भुगा मागे राहतो. त्यामुळे जेलचा परिणाम दिसू लागल्यावर कपाटे रिकामी करून, कोरडी न झाडता, साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून घ्यावीत. पुसताना जेलचे ठिपके पुसले जाणार नाहीत, एवढे सांभाळावे.

कोपरा_दुकान यांचे उत्तर

डांबराच्या गोळ्या जाळीत टाकल्या तर झुरळे येत नाहीत, असे आमच्याकडे सगळे सांगतात. बोरिक पावडर कणकेत मळून गोळ्या ठेवण्याचा जुना उपायही आहे. हे स्वस्त उपाय सोडून सरसकट जेलचा खर्च कशाला?

फवारणीवाला यांचे उत्तर

बोरिक पावडर खरोखर मारते, पण सावकाश. आणि कणकेची गोळी दोन दिवसांत दगडासारखी झाली की तिला झुरळ तोंड लावत नाही. कोरडी पावडर ओट्यामागच्या पोकळीत अगदी विरळ भुरभुरावी, ढीग दिसला तर झुरळ वळसा घालून जाते. रांगत्या मुलांच्या घरात मात्र नकोच. डांबराच्या गोळ्यांविषयी माझे मत कडक आहे: गटारातल्या झुरळांना त्या रोखत नाहीत आणि त्यांची वाफ काही तान्ह्या बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडू शकते. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाची यंत्रे तर निव्वळ शोभेची असतात.

खर्चाविषयी म्हणाल तर एकेकट्या घराने केलेले काम सर्वांत महाग पडते, कारण ते पुन्हा पुन्हा करावे लागते. सचिव महोदय, सापळ्यांत पिल्ले सापडलेल्या घरांची संपूर्ण उभी रांग, दोन्ही बाजूंचे शेजारी आणि मिठाईचे दुकान यांचे जेलचे काम एकाच आठवड्यात करवून घ्या. दुकान आणि त्यावरचे घर यांचा संबंध आज दिसत नसला तरी पुठ्ठ्याच्या खोक्यांतून आणि किराण्याच्या पिशव्यांतून झुरळे कुठेही जातात. दुकानदाराला आरोपी न करता कामात सामील करून घ्यावे, हे मी अनुभवाने सांगतो. स्वयंपाकघरात फवारणी नको. ती चेंबर आणि डक्टपुरती ठेवा. रात्री सिंक कोरडे पुसून ठेवण्याची विनंती सर्वांना करा, कारण जर्मन झुरळ अन्नावाचून काही आठवडे काढते, पण पाण्यावाचून त्याला दोन आठवडेही निघत नाहीत.

कंत्राट नव्याने करताना कृषी विभागाने दिलेला परवाना पाहा, औषधाचे नाव आणि वर्ग प्रत्येक भेटीच्या पावतीवर लिहून घ्या आणि डब्यावरील रंगीत त्रिकोण तपासा. लाल व पिवळा अधिक विषारी, निळा व हिरवा त्या मानाने सौम्य. डायक्लोरव्हॉस असलेले कोणतेही औषध आले तर परत पाठवा, त्यावर 2020 च्या अखेरीपासून देशात बंदी आहे. आणि पैसे भेटींच्या संख्येवर न देता सापळ्यांतील मोजणीवर द्या.

सचिव_ठाणे

मोजणीची अट सभेपुढे ठेवीन. एक अडचण उरते: सहाव्या मजल्यावरील एक सदनिका मालक परदेशी असल्याने दीड वर्ष बंद आहे आणि ती याच रांगेत येते.

नळजोड यांचे उत्तर

बंद घरातला नहाणी ट्रॅप कधीच सुकला असेल, म्हणजे ते घर मोठ्या झुरळांसाठी सताड उघडे आहे. मालकांना ईमेल करून लेखी संमती घ्या आणि पदाधिकारी व एक शेजारी यांच्या उपस्थितीत दार उघडा. आतल्या प्रत्येक जाळीत, सिंकमध्ये आणि कमोडमध्ये पाणी ओतून वर चमचाभर खाद्यतेल सोडा. तेलाच्या थरामुळे पाणी लवकर उडत नाही. मग महिन्यातून एकदा हे काम करण्यासाठी किल्ली कोणाकडे राहील, हे त्याच ईमेलमध्ये नमूद करून घ्या. त्या घरातही सापळे ठेवायला विसरू नका. फ्रिज भरलेला ठेवून गेले असतील तर लहान झुरळेही निघतील.