शेजारचं घर विकायला काढलंय आणि विहीर त्यांच्या गडग्यात आहे

पोफळीवाली

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे लोणच्याचे धागे वाचून गुपचूप निघून जाते, पण आज डोकं तापलंय.

गुहागर तालुक्यात आमचं सासरचं घर. तीस वर्षं डोंबिवलीत काढून २०१९ साली आम्ही दोघं कायमचे इकडे आलो. शेजारी बापूंचं घर. मध्ये चिऱ्याचा गडगा आणि त्याला जायला-यायला बेडं. विहीर गडग्याच्या त्यांच्या अंगाला आहे, पण ती १९७४ साली माझ्या सासऱ्यांनी आणि बापूंनी मिळून खोदली. निम्मा खर्च आमचा, हे सासूबाईंकडून शंभरदा ऐकलंय. आमचा पंप तिथेच बसवलाय, त्याचं वीजबिल १९८८ पासून आमच्या नावावर येतं. दोन-तीन वर्षांनी मे महिन्यात गाळ काढतो, त्याचे पैसे निम्मे-निम्मे. विहिरीचा असा कागद मात्र घरात एकही नाही.

बापू २०२१ ला गेले. दोन मुलगे मुंबईत, मुलगी बडोद्याला. दिवाळीनंतर त्यांनी घर आणि आगर विकायला काढलंय. विकोत बापडे, घर बंद ठेवून वाळवीला घालण्यापेक्षा बरं.

तर गेल्या रविवारी दलाल पुण्याचं एक जोडपं घेऊन आला. बाई अंगणात उभ्या राहून नवऱ्याला म्हणतात, "इथे आपण पूल करू." मला वाटलं, साकव घालतायत की काय, पण इथे ओढा कुठाय? मग कळलं, पोहायचा पूल. ज्या विहिरीत मे अखेरीला घागर बुडत नाही तिच्या पाण्यावर! मी गडग्यावरून एवढंच म्हटलं, "अहो, विहीर सामाईक आहे हां. आमचा पंप आहे त्यात." दोघं एकमेकांकडे बघत निघून गेली.

संध्याकाळी थोरल्याचा फोन. याला मी शेंबडा असल्यापासून ओळखते. "काकू, तुम्ही मुद्दाम सौदा मोडलात. बापूंनी चांगुलपणाने पाणी दिलं, तो काय तुमचा हक्क झाला? खरेदीखताच्या आत पंप काढून घ्या." मग मीही ऐकवलं, "बापूंनी तुझ्या जन्माआधी परवानगी दिलीय, तू कोण काढायला सांगणारा?"

आता विचारायचं हे, की पंप काढावा लागेल का? शेजाऱ्याला घर घ्यायचा पहिला हक्क असतो म्हणतात, ते खरं का? आणि माझं बोलणं चुकलं का? ह्यांचं मत, मी गप्प बसायला हवं होतं. गेली चौतीस वर्षं ह्यांचं हेच मत आहे.

आणि हो, आमच्या पडवीची पागोळी त्यांच्या अंगणात पडते. तो विषय अजून निघालेला नाही आणि मी काढणारही नाही.

सडेकर

काकू, पहिला हक्क शेजाऱ्याचाच. तुम्हाला विचारल्याशिवाय ते विकूच शकत नाहीत. सरळ तलाठ्याकडे हरकत घाला, बसू दे बोंबलत.

निवृत्त मोजणीदार

सडेकर, असलं सांगून लोकांना तालुक्याला खेटे घालायला लावू नका. आपल्याकडे नुसता शेजारी म्हणून कायद्याने पहिला हक्क मिळत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ मध्ये पहिला हक्क आहे, पण तो वारशाने एकत्र मालमत्ता मिळालेल्या वर्ग १ च्या वारसांचा आपसातला. म्हणजे त्या तीन भावंडांचा. आणि विक्रीच झाली नाही तर तलाठी हरकत कशावर घेणार? खरेदीनंतर फेरफार (सातबाऱ्यावर नव्या मालकाची नोंद) धरतात तेव्हा हरकतीला १५ दिवस मिळतात, आणि फेरफाराने मालकी ठरत नाही ती नाहीच.

आता ताई, तुम्ही. आधी 'परवानगी' हा शब्द तोंडातून काढून टाका. थोरल्याने तुमचा फोन रेकॉर्ड केला नसेल अशी आशा करू या. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकाच्या मर्जीने, त्याच्या परवानगीने पाणी घेत असाल, तर त्याने जागा विकल्यावर नवा मालक त्या परवानगीला बांधील नाही (कलम ५९). पण उघडपणे, हक्काने, कोणी न अडवता सलग २० वर्षं घेत आला असाल तर कलम १५ खाली तो वहिवाटीचा हक्क होतो. असा हक्क मालक बदलला तरी जमिनीबरोबर चालतो. थोरला 'चांगुलपणा' म्हणतोय आणि तुम्ही 'परवानगी' म्हणताय. दोघं एकाच बाजूने भांडताय! तुमची खरी बाजू अशी, की विहीर दोघांनी पैसे घालून खोदली. हे सिद्ध झालं तर मुद्दा वहिवाटीच्याही पुढे, हिश्शाचा होतो.

पंप काढू नका. कोणी जबरदस्तीने बंद केला तर गप्पही बसू नका, कारण अडथळा माहीत असून वर्षभर सोसला की वहिवाटीत खंड पडला असं धरतात. (यजमानांना वाचून दाखवा.)

तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने हस्तलिखित सातबारे काढा. 'इतर हक्क' सदरात विहिरीची नोंद असायची, कधी 'विहीर सामाईक' एवढे दोनच शब्द. तेवढे पुरतात. पीकपाहणीत पाण्याचं साधन काय लिहिलंय तेही बघा. १९८८ पासूनची वीजबिलं एकत्र बांधून ठेवा. पंप त्यांच्या जमिनीत आणि बिल तुमच्या नावावर, हा पुरावा तुम्ही समजता त्यापेक्षा मोठा आहे.

आणि खरेदीखतावर नजर ठेवा. आपल्या खरेदीखतात जुना मंत्र असतो: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपांसह दरोबस्त. त्या 'जल'मध्ये अख्खी विहीर घेणाऱ्याच्या घशात गेली असं वाटायला जागा राहते. तिथे 'विहिरीतील शेजाऱ्यांच्या निम्म्या हक्काव्यतिरिक्त' असं यायला हवं.

एकदाचं_विकलं

मी पलीकडच्या बाजूचा माणूस. चिपळूण तालुक्यातलं वडिलांचं घर विकताना आमच्या शेजारणीने गडग्यावरून असंच दोन पार्ट्यांना ऐकवलं. तिसऱ्याला द्यायला दीड वर्ष गेलं आणि भावही खाली आला. तुम्ही बोललात ते खरंच आहे, पण आधी चुकीच्या माणसाला बोललात. पोरांना अगोदर सांगितलं असतंत तर एवढं पेटलं नसतं. मुंबईत बसून असा फोन आला की रक्त उसळतं हो, मी अनुभवलंय.

मात्र थोरल्याला एक कळत नाहीये. घेणाऱ्याचा वकील पंप बघणार, वायर बघणार आणि विचारणारच. पार्टी सामाईक विहिरीला घाबरत नाही, नक्की काय ते माहीत नसण्याला घाबरते. तेव्हा विक्रीच्या आधी तुमच्यात पाण्याचा करारनामा करा आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. नोटरीवर भागवू नका. किंवा खरेदीखतावर 'मान्यता देणार' म्हणून तुम्ही सही करा, म्हणजे त्यातच सगळं लिहून होतं.

वारस तीन, सह्या तिन्ही लागणार. थोरल्याशी कशाला डोकं लावता, बडोद्याला फोन करा.

पोफळीवाली

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. मध्ये सुपारी सोलायची होती.

बडोद्याला फोन केला. ती आधी थंड बोलत होती, मग मीच विषय काढला, की गाळ उपसताना तिची पैंजण चिखलात सापडली होती आठवतं का. तिथून सूर बदलला. म्हणाली, "काकू, तो गाळ काढताना बाबा आणि तुमचे सासरे दरवेळी हिशोबावरून भांडायचे. फुकटचं पाणी असतं तर भांडले कशाला असते?" मी लगेच हे वाक्य कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

हिशोब म्हटल्यावर माळ्यावरची ट्रंक काढली. सासऱ्यांची वही वाळवीने एका कोपऱ्यातून खाल्लीय, पण '७४ चं पान शाबूत. "विहीर. सुरुंग रु. ८५, गडी रु. १४०. निम्मे बापूकडून आले." आणि खाली बापूंची सही! सातबाऱ्यावर काही सापडलं नाही, पण या पानाचा फोटो तिघा भावंडांना पाठवला. धाकट्याने अंगठा दाखवला. थोरल्याने वाचलंय, निळी खूण आलीय, उत्तर नाही.

वकिलांनी करारनाम्याचा मसुदा केलाय. सकाळी आठपर्यंत पाणी आमचं, पुढे त्यांचं, एप्रिल-मेमध्ये दोघांनी एकेक तास, गाळाचा खर्च निम्मा. पोहायच्या तलावाला पाणी नाही हे कलम मी घालायला लावलं. काल दलाल नवी पार्टी घेऊन आला आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाला, "विहीर सामाईक आहे हां, या काकूंचा पंप आहे." पार्टीने मान डोलावली आणि फणस बरका की कापा ते विचारलं.

मोजणीदार साहेब, पागोळीचं काय करू? करारनाम्यात घालू का?

निवृत्त मोजणीदार

किती वर्षं पडतेय?

पोफळीवाली

घर १९६१ चं आहे.

निवृत्त मोजणीदार

घाला की. पण वकिलांना 'परवानगी' लिहू देऊ नका.