खालचा जबडा पुढे: तारांनी भागेल की ऑपरेशनच?

उलटा_चावा:
मुलगा, वय १९. खालचे पटाशीचे दात वरच्यांच्या ३ मिमी पुढे. लॅटरल सेफचे (डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे) आकडे: एएनबी (दोन्ही जबड्यांमधला पुढे-मागेचा कोन; उणे म्हणजे खालचा पुढे) उणे ४, वरच्या पटाशीचा कल एसएन रेषेशी (कवटीच्या तळाची रेषा) ११४ अंश, खालच्या पटाशीचा जबड्याच्या रेषेशी ८१. एका डॉक्टरांचं मत, खालच्या दोन उपदाढा (सुळा आणि दाढेमधले दात) काढून तारांनी दात मागे घेऊ. दुसरे म्हणतात, दोन्ही जबड्यांचं ऑपरेशन. आत्ता तारा लावून घ्यायच्या आणि ऑपरेशनचं वर्षभराने बघायचं, असं चालेल का? धाकटी बहीण ८ वर्षांची आहे, तिचाही चावा उलटाच आहे. तिचं काय करावं?

सेफ_वाचक:
नाही चालणार. दोन्ही वाटांमध्ये तारा दातांना विरुद्ध दिशांना नेतात, त्यामुळे निर्णय पहिला ब्रॅकेट (तार धरणारा दातावरचा तुकडा) चिकटवण्याआधीच व्हायला हवा.

तुमचे आकडेच बघा. वरची पटाशी १०३ च्या आसपास असायला हवी, ती ११४ वर, म्हणजे पुढे कललेली. खालची ९० ऐवजी ८१, म्हणजे जिभेकडे झुकलेली. हाडांमधला फरक दातांनी आपणहून झाकलाय. आरशात ३ मिमी दिसतात, हाडात त्याहून जास्त आहेत. उपदाढा काढून दात मागे घेणं म्हणजे हेच झाकणं पुढे रेटणं. त्यात रबर वरच्या दाढेपासून खालच्या सुळ्यापर्यंत लावतात. ऑपरेशनच्या तयारीत बहुधा नेमकं उलट: वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत, म्हणजे कललेले दात आपापल्या हाडात सरळ उभे राहतात. वर्षभर एकीकडे ओढून मग दिशा बदलली, तर तेच दात पुन्हा उलटे न्यायचे. मुळं झिजतात, वेळ दुप्पट. आणि काढलेल्या उपदाढा काही परत येत नाहीत.

८१ वरून खालचे दात आणखी आत झुकवले की मुळं ओठाच्या बाजूच्या पातळ हाडावर येतात आणि हिरडी खाली सरकते. या रिपोर्टवर मी तरी उपदाढा काढू देणार नाही.

एक तपासणी मात्र राहिलेली दिसते. जबडा सैल सोडून मागे नेला, तर वरची-खालची पटाशी टोकाला टोक भिडते का? भिडत असेल, तर थोडा भाग जबडा पुढे सरकवून चावण्याच्या सवयीचा आहे. मग सेफ त्या मागच्या स्थितीत पुन्हा काढा, आकडे बदलतील.

उलटा_चावा:
म्हणजे तयारीच्या काळात चेहरा आणखी वाईट दिसणार?

तार_आणि_प्लेट:
हो. ३ चे ६-७ मिमीही होऊ शकतात, आणि तयारी नीट चाललीय याची ती खूण. पुष्कळ मुलं इथेच घाबरून उपचार सोडतात. हा टप्पा साधारण १२ ते १८ महिन्यांचा. अक्कलदाढा खालच्या जबड्याच्या कापाच्या रेषेत येत असतील तर निदान ६ महिने आधी काढतात, म्हणजे तिथलं हाड भरतं.

आधी वाढ थांबलीय का ते बघा. ६ ते १२ महिन्यांच्या अंतराने काढलेली दोन सेफ एकमेकांवर ठेवायची. १९ व्या वर्षी मुलाचा जबडा अजून वाढत असू शकतो; वाढत असताना कापला तर चावा पुन्हा उलटतो.

ऑपरेशनमध्ये वरचा जबडा पुढे आणि खालचा मागे, असा फरक वाटून घेतात. सगळं अंतर खालचा जबडाच मागे नेऊन भरलं, तर जिभेमागची श्वासाची वाट अरुंद होते आणि जबडा परत पुढे यायचा कलही जास्त. काप तोंडाच्या आतून, चेहऱ्यावर व्रण नाही. हाडं टायटॅनियमच्या प्लेट-स्क्रूने धरतात, त्यामुळे जबडा आठवडेच्या आठवडे तारेने बांधून ठेवायची वेळ सहसा येत नाही. नंतर दिशा देणारी रबरं, पहिले दोनेक आठवडे पातळ आहार, सहा आठवड्यांपर्यंत मऊ भात-खिचडी. भाकरी त्यानंतर, तीही सर्जनला विचारून.

सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा. खालच्या ओठाचा आणि हनुवटीचा बधिरपणा: सुरुवातीला तो बहुतेकांना असतो, महिन्यांत कमी होतो, काहींचा थोडा कायम राहतो. दुसरं, वरचा जबडा पुढे आला की नाकपुड्या पसरतात; त्यासाठी आतून टाका घेणार का? आणि विमा असेल तर आधी लेखी मंजुरी, कारण असे दावे ‘सौंदर्यासाठी’ म्हणून नाकारले जातात.

दुधाचे_दात:
बहिणीचं थांबवू नका, तिचंच वय खरं मोलाचं. ८ व्या वर्षी वरचा जबडा फेसमास्कने (कपाळ आणि हनुवटीवर टेकणारी चौकट) पुढे ओढता येतो. १० नंतर परिणाम घटत जातो. टाळूवर पट्टा, बहुधा रुंदी वाढवणाऱ्या स्क्रूसकट. स्क्रू एका वेळी पाव फेर फिरवतात, म्हणजे सुमारे पाव मिमी. सुळ्याजवळच्या हुकापासून मास्कपर्यंत रबर, पुढे आणि सुमारे ३० अंश खाली. सरळ आडवं ओढलं तर टाळू पुढून वर उचलला जाऊन समोरचा चावा उघडतो. ताकद दर बाजूला ३५० ते ४५० ग्रॅम, घरी नव्हे, डॉक्टरांनी गेजवर (ताण मोजायचं साधन) मोजलेली. दिवसाला १२ ते १४ तास. शाळेतून आल्यापासून सकाळपर्यंत धरलं तर जमतं. रबरं रोज नवी. हनुवटीला पुरळ आलं तर पॅडखाली सुती कापड.

समोरचे दात नुसते जुळले की थांबायचं नाही, वरचे २ ते ४ मिमी पुढे नेऊन ठेवायचे. कारण वयात येताना खालचा जबडा पुन्हा धाव घेतो आणि ती वाढ मास्कने अडत नाही. भावाचा जबडा असा आहे म्हटल्यावर तिचं सेफ दरवर्षी काढून जपून ठेवा.