वेगळा पेपर नको, गुणांची वाटणी बघा
संवादकौशल्य, टीमवर्क वगैरेंसाठी बिझनेसच्या पहिल्या वर्षाला एक वेगळा पेपर ठेवावा, ही या चर्चेत आलेली सूचना मला पटत नाही. तो पेपर सुटला की मुलं ते सगळं तिथेच सोडून देतात आणि अकाउंटिंग शिकवणारे 'ते आमचं काम नाही' म्हणायला मोकळे. विषयातच मिसळा, हे इतरांचं म्हणणं मान्य. पण मिसळलंय की नाही हे गुणांच्या वाटणीत दिसतं, तो मुद्दा इथे आलेला नाही. शिक्षणतज्ज्ञ जॉन बिग्ज यांनी १९९६ साली मांडलेल्या 'कन्स्ट्रक्टिव्ह अलाइनमेंट'चा गाभा हाच: उद्दिष्ट, वर्गातलं काम आणि मूल्यमापन एका रेषेत हवं.

मी मार्केटिंग शिकवताना नेमकं उलटं केलं होतं. अभ्यासक्रमात टीमवर्क ठळक अक्षरांत, गुण मात्र सगळे अंतिम अहवालाला. एकीने अहवाल लिहिला, बाकीच्यांनी नावं घातली. पुढच्या वर्षी २० टक्के गुण कामाची वाटणी, बैठकांच्या नोंदी आणि एकमेकांना दिलेल्या लेखी अभिप्रायाला ठेवले. पहिले अभिप्राय 'छान काम केलं' छापाचे आले (चूक माझीच, नमुना दाखवला नव्हता). एक बरा आणि एक फुसका नमुना वर्गात वाचून दाखवला, तेव्हा कुठे मुलं खरं लिहू लागली.