सगळ्यांचा मोबाइल नंबर 2147483647 कसा काय?? आणि हा खरंच प्राइम (मूळ संख्या) आहे का

अर्धवट_डेव्हलपर:
मंडळाच्या रक्तदान शिबिरासाठी एक छोटा फॉर्म बनवला, रात्री डेटा उघडून बघतो तर 140 जणांचा मोबाइल नंबर एकच, 2147483647. आधी वाटलं कोणीतरी मस्करी केली. मित्र म्हणाला कॉलम इंट (पूर्णांक संख्येचा) ठेवलायस, टेक्स्ट कर, ते केलं पण गेलेले नंबर गेलेच. आता जाता जाता तो म्हणाला की हा आकडा प्राइम आहे आणि ऑयलर नावाच्या गणितज्ञानं 1772 साली हातानं सिद्ध केलंय. पटत नाहीये राव, दहा आकडी संख्या, एकेकानं भागत बसला का तो?

चहा_बिस्कीट:
मित्र बरोबर आहे. इंट म्हणजे साइन्ड 32 बिट (एक बिट अधिक-उणे चिन्हाला), त्यात मावणारी सगळ्यात मोठी संख्या हीच, 2^31 − 1. आपले मोबाइल नंबर 6 ते 9 नं सुरू होतात म्हणजे सगळेच त्याच्यापेक्षा मोठे, आणि स्ट्रिक्ट मोड (न मावणारा आकडा नाकारणारी सेटिंग) बंद असला की डेटाबेस गपचूप हाच आकडा टाकून मोकळा. 19 जानेवारी 2038 ला सकाळी 8:44:07 ला सेकंद मोजणाऱ्या जुन्या 32 बिट कॉम्प्युटर घड्याळांचाही हाच शेवटचा सेकंद.

गणितवाली_ताई:
भागत बसला नाही तीच तर गंमत! वर्गमूळ 46340 च्या जरासं पुढं, तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या घेतल्या तर 4792 भागाकार. ऑयलरनं आधी बघितलं की समजा p या मूळ संख्येनं भाग गेलाच तर हा p कसा असेल. 2^31 ला p नं भागून बाकी 1 उरणार, मग फर्माच्या प्रमेयानं (2^(p − 1) ची बाकीही 1 येते) p − 1 ला 31 नं भाग जायलाच हवा, p विषम म्हणून 62 नं. दुसरं, 2^32 ची बाकी 2 येते, आणि 2^32 हा 2^16 चा वर्ग, म्हणजे एका वर्गाची बाकी 2 आली, हे p ला 8 नं भागून 1 किंवा 7 उरत असेल तरच होतं. दोन्ही अटी जोडल्या की p ला 248 नं भागल्यावर बाकी 1 नाहीतर 63. अशा संख्या उरतात फक्त 372 (खुद्द 63 सोडून, ती 7 × 9 आहे), त्यातल्या ज्या मूळ नाहीत त्या पण बाद. एकीनंही भाग जात नाही. आणि तेव्हा त्याला दिसणं जवळपास बंद झालेलं.

अर्धवट_डेव्हलपर:
एकच नंबर ताई 🙏 मग 64 बिटवाला 2^63 − 1 पण प्राइम का?

गणितवाली_ताई:
छे. 63 ला 3 नं भाग जातो म्हणून त्याला 2^3 − 1 म्हणजे 7 नं जातो. घात मूळ असावाच लागतो, पण तेवढं पुरत नाही, 2^11 − 1 = 2047 = 23 × 89. कुठल्या घाताला अशी संख्या मूळ येते याच्या 1644 च्या यादीत फ्रेंच गणिती मर्सेननं 31 बरोबर दिला आणि 67 चुकला, 1903 मध्ये अमेरिकन गणिती कोलनं 2^67 − 1 चे अवयव दाखवले, 193707721 × 761838257287.

चहा_बिस्कीट:
ते सगळं ठीक, 140 जणांना फोन कसा लावणार?

अर्धवट_डेव्हलपर:
फॉर्ममध्ये नाव आणि गल्ली आहे, उद्यापासून दारोदार 😭